सेवकाचा रविवार

गेल्या दिवाळीत, पुण्यास स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाची कन्या चार दिवस रोहण्यास आमच्या घरी येऊन राहिली. मुलगी हुशार, मनमिळाऊ आणि सरळ स्वभावाची आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याच्या तयारीत आहे, आणि त्या तयारीचाच एक भाग म्हणून तिने पश्चिम युगांडातील एका खेड्यात आठ आठवडे स्वयंसेविका म्हणून काम केले. तेथील शाळेत ती मुलांना गणित शिकवीत असे. एका सायंकाळी ओसरीवर बसून तिने आम्हां सर्वांना तिकडची छायाचित्रे दाखविली. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ते जिंजा येथील स्थळ, मर्चिसनचा धबधबा, क्वीन एलिझाबेथ उद्यानातले हत्ती, बुन्योन्यी सरोवरावरील होड्या, आणि सर्वांत शेवटी ब्विंडीच्या अरण्यातले गोरिला. शाळेचीही चार-सहा छायाचित्रे होती. त्यांत अनवाणी मुले होती, गळके छप्पर होते, तडा गेलेला फळा होता. छायाचित्रे संपल्यावर मी सहज विचारले, "का गं, त्या गावातले लोक रविवारी काय करतात?" ती क्षणभर थांबली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, ते मला नाही ठाऊक. रविवारी आम्ही गावात कधी नव्हतोच."

हा लेख त्या उत्तराविषयी आहे. प्रारंभीच सांगतो की, त्या मुलीवर दोषारोप करण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. तिला जसे सांगण्यात आले तसे ती वागली, आणि विचारल्यावर खरे ते बोलली. माझा वाद आहे तो तिला पाठविणाऱ्यांशी, तिचे कौतुक करणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांशी, आणि ज्या प्राध्यापकवर्गात मी स्वतः मोडतो त्या वर्गाशी. कारण सेवेचे हे जे नवे वेळापत्रक आज सर्वमान्य होऊन बसले आहे, ते आपण सर्वांनी मिळून मान्य केलेले आहे.

ते वेळापत्रक असे. स्वयंसेवक ठरावीक शुल्क भरून परदेशी जातो. सोमवार ते शुक्रवार तो खेड्यात शाळा शिकवितो, विहिरीचे बांधकाम करतो, दवाखान्यात मदत करतो. शुक्रवारी दुपारी गाडी येते आणि सर्व स्वयंसेवक प्रेक्षणीय स्थळांकडे निघतात. रविवारी रात्री ते परततात, सोमवारी पुन्हा सेवा. टांझानियात असल्यास सेरेंगेटी आणि झांझिबार, झांबियात असल्यास व्हिक्टोरिया धबधबा, युगांडात असल्यास गोरिला. कामाची माहिती देणाऱ्या पत्रकात प्रेक्षणीय स्थळांची माहितीही तितक्याच ठळकपणे छापलेली असते, आणि कित्येकदा गाव कोणते हे ठरविताना जवळ काय पाहण्याजोगे आहे याचाच विचार अधिक झालेला असतो.

या व्यवस्थेचे समर्थन करणारे लोक मूर्ख नव्हेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने मांडले पाहिजे. ते म्हणतात, सेवक हाही मनुष्यच आहे. परक्या देशात, परक्या भाषेत पाच दिवस काढल्यावर त्याला दोन दिवसांचा विसावा नको काय? दुसरे असे की, प्रवासाने मन विशाल होते. तरुणांनी जग पाहू नये असे कोणता शिक्षक म्हणेल? तिसरे असे की, या पर्यटनाचा पैसा त्या गरीब देशातच राहतो. ब्विंडीत गोरिला पाहण्याच्या एका परवान्याला परदेशी माणसाकडून सातशे डॉलरांहून अधिक रक्कम घेतली जाते, आणि त्यावर तेथील रक्षकांचे पगार होतात. आणि चौथा, सर्वांत जोरकस मुद्दा असा की, सुटीच्या दिवशी सेवकाने काय करावे हे विचारणारे तुम्ही कोण? तो त्याच्या पैशाने जातो, त्याच्या वेळेत जातो; सोमवारी सकाळी तो फळ्यासमोर उभा असला म्हणजे झाले.

यांपैकी पहिले तीन मुद्दे मी बव्हंशी मान्य करतो. विश्रांती हवी, प्रवास हवा, आणि वाघ-गोरिलांच्या रक्षणाला पैसाही हवा. माझा आक्षेप चौथ्या मुद्द्याला आहे. कारण त्यात असे गृहीत धरलेले आहे की, सेवा म्हणजे फळ्यासमोरचे पाच दिवस, आणि उरलेले दोन दिवस हे त्या सेवेच्या बाहेरचे, कोणाच्या हिशेबात न येणारे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. सेवा खरी की दिखाऊ, हे त्या दोन दिवसांतच ठरते.

असे का म्हणतो ते सांगावयाचे तर मला रविवाराच्या इतिहासात थोडे शिरले पाहिजे. रविवारची सुटी ही आपल्याकडे आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना ती १८९० साली मिळाली, आणि तीमागे सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती. रविवार हा खंडोबाचा वार. कामगाराला त्या दिवशी आपले घर, आपला देव आणि आपली माणसे यांच्याकडे पाहण्यास सवड मिळावी, हा त्या मागणीचा गाभा होता. म्हणजे ही सुटी आपल्या माणसांपासून दूर पळण्यासाठी मागितलेली नव्हती. त्यांच्याकडे परत येण्यासाठी मागितलेली होती. कचेरीच्या आणि महाविद्यालयाच्या नोकरीने आपण मध्यमवर्गीयांनी तीच सुटी उचलली, आणि कालांतराने तिचा अर्थ 'कामाच्या गावातून बाहेर पडण्याचा दिवस' असा करून टाकला.

खेड्याला मात्र हा रविवार नाही. आमच्या वऱ्हाड-विदर्भाकडे शेतमजुराचा रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. जवळच्या मोठ्या गावचा बाजार ज्या वारी भरतो, त्या वारी शेतातले काम बंद असते. आठवड्याची मजुरी बाजाराच्या आधी चुकती होते. बायका मिरची-हळद, मुलांसाठी फुटाणे आणि एखादे लुगडे घेऊन येतात. सोयरीक जुळते ती बाजारात, भांडण मिटते ते बाजारात, लेकीच्या सासरचा निरोप मिळतो तोही बाजारात. सहा दिवस जो माणूस दुसऱ्याच्या बांधावर वाकलेला असतो, तो त्या दिवशी धुतलेले धोतर नेसून ताठ चालतो. युगांडातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. तेथील खेड्यात हेच स्थान रविवारच्या प्रार्थनेचे आहे. त्या दिवशी लोक ठेवणीतले कपडे घालून चर्चमध्ये जमतात, गातात, मग एकमेकांच्या घरी जाऊन हिरव्या केळ्यांचा मटोके खातात. नेमक्या त्याच दिवशी आमचा स्वयंसेवक शंभर-दोनशे मैलांवर हत्ती पाहत असतो!

परिणाम काय होतो तो पाहा. ज्या पाच दिवसांत गाव राबते, अडते, आजारी पडते, रांगेत उभे राहते, तेवढेच पाच दिवस स्वयंसेवकाला दिसतात. ज्या दिवशी गाव यजमान असते, हसते, गाते, पाहुण्याला पाट मांडते, तो दिवस त्याने कधी पाहिलेलाच नसतो. मग त्याच्या छायाचित्रांत अनवाणी पाय आणि गळके छप्पर यांखेरीज दुसरे काय येणार? तो खोटे बोलत नाही. त्याने पाहिले तेवढेच तो दाखवितो. परंतु ज्याला आपण केवळ गरजेच्या वेळी भेटतो, तो आपल्याला केवळ गरजूच दिसतो. सृष्टीसौंदर्य एकीकडे आणि माणसाचे दैन्य दुसरीकडे अशी त्या देशाची सरळ वाटणी त्याच्या मनात होऊन जाते. जनावरे सुंदर, माणसे बिचारी! एका अख्ख्या खंडाविषयी असा ग्रह घेऊन आपली शिकलेली मुले घरी परतत असतील, तर त्यांचे मन विशाल झाले असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, आपण कधी आफ्रिकेत गेला नाहीत. आपल्याला हा उपदेश करण्याचा अधिकार काय? अधिकार एकच आहे, आणि तो अभिमानाचा नाही. हाच अपराध मी स्वतः केलेला आहे, आणि तो करण्यासाठी मला समुद्र ओलांडावा लागला नाही.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावे आणि एका खेड्यात निवासी शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तरुण अध्यापक असताना या योजनेचा कार्यक्रमाधिकारी होतो. आमचे आठवडाभराचे शिबिर आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावी होते. गावातील सांडपाण्यासाठी नाली खणावयाचे काम आम्ही घेतले होते. पहिले चार दिवस मुलांनी खणले; गावातली मोठी माणसे शेतावर, तेव्हा सोबतीला शाळेची पोरे तेवढी होती. पाचव्या दिवशी रविवार आला. मुले दमली होती, आणि मीही. एक मेटॅडोर ठरवून मी पहाटेच सर्वांना बोर धरण पाहावयास घेऊन गेलो. दिवस फार आनंदात गेला.

रात्री आठाच्या सुमारास आम्ही परतलो, तेव्हा मारुतीच्या पाराजवळ कंदील घेऊन पाच-सात माणसे बसलेली होती. त्या गावाला लागू असलेला बाजार रविवारचा होता, हे मी कधी विचारले नव्हते. रविवारी शेतावर कोणी जात नसल्यामुळे त्यांनी आपसांत ठरविले होते की, सकाळी सारे गाव पोरांबरोबर खणावयास येईल, दुपारी पाराजवळ पंगत होईल, आणि मग ज्यांना जायचे ते बाजाराला जातील. घरोघरून पीठ, तांदूळ, डाळ गोळा झाली होती. आम्हांला ते आयत्या वेळी सांगून चकित करावे अशी त्यांची हौस होती. सकाळी येऊन पाहतात तो शाळेला कुलूप! तरीही ते खणावयास लागले. आम्ही चार दिवसांत जेवढी नाली खणली होती, तेवढीच त्यांनी त्या एका सकाळी खणून टाकली. स्वयंपाक मात्र त्यांनी झाकून ठेवला होता. त्यांच्यातला एक म्हातारा उठून इतकेच म्हणाला, "सर, पोरायला जेवू घाला, भुकेले असतील." कोणी रागावले नाही, कोणी टोमणा मारला नाही. गार झालेले वरण, वांग्याची भाजी आणि पोळ्या आम्ही कंदिलाच्या उजेडात खाल्ल्या. ते सारे उभे राहून वाढीत होते. आमच्याबरोबर कोणी बसले नाही, कारण त्यांची जेवणे दुपारीच होऊन गेली होती.

शिबिराचा अहवाल मी लिहिला तो उत्कृष्ट ठरला. किती मीटर नाली खणली, किती तास श्रमदान झाले, हे सर्व त्यात होते. गावाने खणलेले मीटरही आमच्याच नावावर जमा झाले, हे येथे लिहिताना मला आजही लाज वाटते. पण खरे नुकसान नालीच्या हिशेबातले नव्हते. त्या गावाने आम्हांला आपल्या बरोबरीने पाटावर बसविण्याचा एक दिवस ठरविला होता, आणि आम्ही तो दिवस धरणाच्या भिंतीवर घालविला. पुढच्या वर्षी शिबिरासाठी मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा त्यांनी शाळेची खोली दिली, पाणी दिले, सर्व काही दिले. पण पंगतीची गोष्ट कोणी काढली नाही. आम्ही शासनाचे लोक झालो होतो.

म्हणून मी म्हणतो की, प्रश्न रविवारच्या करमणुकीचा नाही. त्या दिवशी कोण कोणाचा यजमान असतो, याचा आहे. मदत देणारा आणि घेणारा यांच्यात एक स्वाभाविक उंच-नीच असते, ती शब्दांनी जात नाही. ती जाण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरी जेवावे, त्याच्या सणाला जावे, त्याच्या गाण्यात बेसूर का होईना सूर मिळवावा आणि त्याच्या थट्टेचा विषय व्हावे. हे सर्व सोमवार ते शुक्रवार होत नाही. ते गावाच्या सुटीच्या दिवशीच होते.

सेवकाने विश्रांती घ्यावी कशी, याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात पूर्वी एका माणसाने देऊन ठेवले आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी चालत सेगावी राहावयास आले. त्या सेगावाचेच पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. कामाचा, पत्रांचा आणि पाहुण्यांचा त्यांच्यामागे केवढा ससेमिरा होता हे सर्वांस विदित आहे. त्यांनी आठवड्याची सुटी घेतलीच नाही काय? घेतली; ती म्हणजे सोमवारचे मौन. त्या दिवशी ते बोलत नसत. पण ते गावातच असत. विश्रांतीसाठी स्थान सोडावे लागते ही समजूत किती उथळ आहे, हे या एका उदाहरणावरून दिसून येते. मौन सर्वांना साधेल असे मी म्हणत नाही. परंतु दुपारभर झोप, एखादे पुस्तक, नदीवर पोहणे, घरी लांबलचक पत्र लिहिणे हे तर कोणालाही साधेल.

त्याहूनही समर्पक गोष्ट प्रत्यक्ष आफ्रिकेतलीच आहे. १९१० साली जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर कॅलनबाख यांच्या जमिनीवर टॉल्स्टॉय फार्मची वसाहत झाली. सत्याग्रहींची कुटुंबे तेथे राहत. शहर जवळ, आगगाडी जवळ, आणि मोह तर सर्वत्रच असतो. तेथे शहरात जाण्यासंबंधी एक साधा नियम होता. वसाहतीच्या कामासाठी जाणाराने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून जावे. आणि केवळ मौजेसाठी ज्याला जावयाचे असेल त्याने पायी जावे, घरचा फराळ बांधून न्यावा. मौजेला बंदी नव्हती, हे लक्षात घ्यावे. तिची किंमत मात्र ज्याची त्याने आपल्या पायांनी मोजावयाची होती. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी सेवकाच्या सहलीसंबंधी याहून न्याय्य नियम माझ्या वाचनात आलेला नाही. आजच्या स्वयंसेवी संस्थांनी हा नियम पत्रकात छापला, तर त्यांच्याकडील अर्जांची संख्या किती उरेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

परदेशी जाऊन सेवा करण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठविले, त्यातील पाच डॉक्टरांत दोघे आपल्या भागातले होते: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. डॉ. कोटणीसांचे नाव शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटाने घरोघर पोहोचले. परंतु त्यांच्या जीवितातील जी गोष्ट मला येथे सांगावयाची आहे ती युद्धातल्या शौर्याची नाही. पथकातील इतर सहकारी मायदेशी परतल्यावरही ते मागे राहिले. चिनी भाषा शिकून त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ साली तेथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये आजही त्यांचे स्मरण होते ते केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येमुळे नव्हे. त्या लोकांमध्ये राहून ते त्यांचे झाले म्हणून. आठ आठवड्यांच्या स्वयंसेवकाने कोटणीस व्हावे, अशी अपेक्षा कोणी शहाणा करणार नाही. पण आठ आठवड्यांत आठ रविवार असतात, आणि त्यांपैकी चार तरी गावाला द्यावेत, एवढी अपेक्षा अवाजवी आहे काय?

याच्या उलट टोकाचे उदाहरणही सांगतो. अमेरिकेने १९६१ साली पीस कोअर नावाची स्वयंसेवकांची संघटना स्थापिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशी पाठविण्यासाठी लिहिलेले एक कार्ड वाटेत पडले आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्यात तिने आसपासच्या लोकांच्या राहणीचे वर्णन केले होते: उघड्यावर स्वयंपाक, उघड्यावर सारे काही. विद्यापीठात मोठा क्षोभ उसळला. तिने लिहिले ते बहुधा डोळ्यांना दिसले तसेच लिहिले होते. नुकती आलेली मुलगी दुसरे काय पाहणार? पण चुलीभोवती जी माणसे बसलेली होती, त्यांच्यापैकी कोणाच्याही शेजारी बसून ती अजून जेवलेली नव्हती. या संघटनेने पुढे आपल्या स्वयंसेवकांस दोन वर्षांच्या मुदतीत दरमहा दोन दिवसांची रजा ठेवली, ही गोष्ट मला शहाणपणाची वाटते. दोन वर्षे राहणाऱ्याला दरमहा दोन दिवस, आणि दोन महिने राहणाऱ्याला दर आठवड्यास दोन दिवस! हा त्रैराशिकाचा कोणता प्रकार, ते मला अद्यापि उलगडलेले नाही.

आता एक आक्षेप असा आहे की, ज्याला मी टाळू शकत नाही. इव्हान इलिच या विचारवंताने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की, तुमच्या सदिच्छांचा आम्हांला उपयोग नाही. पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढा, फुले पाहा, पण मदत करावयास येऊ नका. म्हणजे त्याच्या मते रविवारची सहल हाच त्यांच्या येण्यातला निरुपद्रवी भाग, आणि सोमवारची सेवा हीच खरी आगळीक! या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. प्रवासी म्हणून जाणारा मनुष्य निदान प्रामाणिक तरी असतो. वर्ध्यास ज्यांचे दीर्घ वास्तव्य होते ते काकासाहेब कालेलकर १९५० साली पूर्व आफ्रिकेत हिंडले आणि त्यांनी त्या प्रवासावर गुजरातीत पुस्तक लिहिले. आपण उपकार करावयास आलो आहोत, असा आव त्यांनी आणला नाही. पाहावयास गेले, पाहिले, सांगितले. तशा प्रवासाला माझा लवमात्र विरोध नाही.

परंतु इलिचची सर्व वाट मी चालू शकत नाही. मदत करूच नये, असे त्याच्याबरोबर म्हणणे मला सुखासीन मनुष्याचे म्हणणे वाटू लागते. कारण ते मान्य केले म्हणजे घरी बसण्यास उत्तम सबब मिळते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ पासून दुसरी वाट दाखविली आहे. तेथील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यात पंधरवडाभर जाऊन राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात, आणि शिबिर संपल्यावरही ते त्याच घरी पुन्हा पुन्हा जातात. त्या घरच्या माणसांचे रक्तदाब मोजता मोजता त्यांना त्या घरची नावे, नाती आणि सणवार कळतात. हे सर्व निर्दोष आहे असे मी म्हणत नाही; पण दिशा योग्य आहे. गाव ही कामाची जागा नसून ते माणसांचे घर आहे, हे त्यात ओळखलेले आहे.

मग करावे काय? मी नियम घालून देणारा कोणी नव्हे. पण लेखकाने नुसती तक्रार करून थांबू नये, म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली: ज्याला मुख्यतः वाघ, गोरिला आणि धबधबे पाहावयाचे आहेत, त्याने प्रवासी म्हणून जावे, प्रवाशाचे पैसे भरावेत, आणि त्याबद्दल सेवेचे प्रमाणपत्र मागू नये. दुसरी: ज्याला सेवा करावयाची आहे, त्याने निदान पहिल्या महिन्याचे सर्व सुटीचे दिवस गावात घालवावेत. त्यानंतर सहल करावयाचीच तर गाव जेथे जाते तेथे, गावाबरोबर, गावाच्या चालीने करावी. आमच्या आर्वी तालुक्यातील माणसे कार्तिकात वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूरला जातात. रुक्मिणीचे ते माहेर. त्यांच्या पाठोपाठ चालत गेलेला शहरी विद्यार्थी जेवढे पाहील, तेवढे धरणाच्या भिंतीवर वर्षभर बसूनही पाहणार नाही. युगांडातील खेड्यालाही आपल्या यात्रा, आपली लग्ने, आपले बाजार असतातच. तिसरी: दूरच्या स्थळी जावयाचेच झाले, तर ज्या शिक्षकाच्या वर्गात आपण शिकवितो त्याला किंवा ज्या घरी आपण राहतो तेथील एखाद्याला आपल्याबरोबर आपल्या खर्चाने न्यावे. आपल्याच देशातला हत्ती ज्याने कधी पाहिलेला नाही अशा माणसाशेजारी उभे राहून तो हत्ती पाहण्यात जे सुख आहे, ते एकट्याने पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व फार कडक झाले. अशाने मुले जाणारच नाहीत. जाणार नाहीत ती न गेली तर त्या खेड्याचे काय नुकसान? उरतील ती थोडी, पण खरी असतील. आणि आईबापांनाही एक सांगावयाचे आहे. आपली मुले परदेशी सेवा करून आली म्हणजे आपण शेजाऱ्यांना बोलावतो, छायाचित्रे दाखवितो, प्रमाणपत्र चौकटीत बसवितो. मुलांनी किती विहिरी बांधल्या, किती वर्ग घेतले, हे आपण उत्सुकतेने विचारतो. त्या यादीत यापुढे आणखी एक प्रश्न घालावा. त्या गावात सुटीचा दिवस कसा जातो, तेथील माणसे त्या दिवशी काय खातात, काय गातात, कोणाकडे जातात, आणि त्या दिवशी तुला कोणी जेवावयास बोलाविले होते काय?

उत्तर आले तर मुलाने सेवा केली असे खुशाल समजावे. उत्तर आले नाही तरी रागावू नये. मीही त्या रात्री पाराजवळ काही उत्तर देऊ शकलो नव्हतो. फक्त एवढेच सांगावे की, बाळा, तू पाच दिवसांचे गाव पाहून आलास. उरलेले दोन दिवस पाहण्यासाठी एकदा परत जा.